हायड्रोजनमधला आर्क: गार करावा तितका तापतो

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी सबस्टेशनला होतो. दिवाळीच्या शटडाऊनमध्ये आमचं ठरलेलं काम म्हणजे अकरा केव्हीचे (अकरा हजार व्होल्टचे) ऑइल ब्रेकर, म्हणजे तेलात बुडवलेले वीज तोडणारे मोठे स्विच, उघडणं. पॉटखालचा प्लग सोडला की तेलाची धार लागायची. भरताना ते तेल करडईच्या तेलासारखं फिकट पिवळं असायचं, निघताना काळंकुट्ट. बोटांवर काजळी, नाकात जळकट वास. आणि कॉन्टॅक्टच्या, म्हणजे एकमेकांना टेकून वीज नेणाऱ्या धातूच्या तुकड्यांच्या, टोकाला मोहरीएवढे मणी, वितळून तिथेच थिजलेले. कॉन्टॅक्ट सुटे होताना मध्ये विजेची ज्योत पेटते, तो आर्क; हे मणी त्याचे.

आमचे फोरमन नाना. कॉलेजची पायरी न चढलेला माणूस, पण हाताखाली कोणी नवा इंजिनियर आला की त्याला पहिल्याच आठवड्यात एक वाक्य ऐकवायचे: "तेल आर्क विझवत नाही साहेब. आर्क तेलाला फोडतो, त्यातून हायड्रोजन निघतो, आणि तो हायड्रोजन आर्कला खातो." मला ते तेव्हा थापेबाजी वाटली होती. हायड्रोजन तर स्वतःच भडकतो, तो काय विझवणार? पण नाना शंभर टक्के बरोबर होते. तेलात बुडालेल्या आर्कभोवती वायूचा बुडबुडा तयार होतो. त्यात साधारण ७० टक्के हायड्रोजन असतो, बाकी अ‍ॅसिटिलीन, मिथेन वगैरे. भडका उडायला ऑक्सिजन लागतो, आणि तेलाच्या पोटात तो नसतो. बुडबुड्याला फुगायला जागा नाही, म्हणून दाबही चढतो. म्हणजे आम्ही दर वेळी ब्रेकर पाडायचो तेव्हा त्या पॉटमध्ये, नकळत, एक प्रयोग होत होता: जास्त दाबाखालच्या हलक्या वायूतला आर्क.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती कलिन्याला फिजिक्स करते. सेमिनारला तिने नेमका हाच विषय घेतला, आणि एका रविवारी पोहे खाता खाता मला कोंडीत पकडलं. "मामा, तू म्हणतोस हायड्रोजन आर्क विझवतो. मी वाचतेय ते लोक हायड्रोजनमध्ये मुद्दाम आर्क पेटवतात, वायू तापवायला. मग खरं काय?"

दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचं कारण एकच आहे. ते कारण एकदा कळलं की या विषयातलं निम्मं काम झालं.

आधी आर्क म्हणजे काय ते बघू. ठिणगी उडते आणि संपते. आर्क उडत नाही, तो टिकतो. दोन इलेक्ट्रोडमधला, म्हणजे वीज देणाऱ्या दोन टोकांमधला, वायू इतका तापतो की त्यातल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि वायू वाहक बनतो. त्यातून वीज वाहते, वीज वाहिल्यामुळे तो आणखी तापतो, आणि तापलेला राहिल्यामुळे वाहक राहतो. असं ते स्वतःच स्वतःला पोसणारं चक्र आहे. अशा वायूला आपण प्लाझ्मा म्हणतो. हा शब्द अर्व्हिंग लँगम्युअर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये रूढ केला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हंफ्री डेव्हीने कोळशाच्या दोन आडव्या कांड्यांमध्ये मोठ्या बॅटरीवर ही ज्योत पेटवली, तेव्हा गरम हवेबरोबर ती वर उचलली जाऊन कमानीसारखी दिसली. म्हणून तिचं नाव आर्क. शासकीय मराठीत तिला 'प्रज्योत' म्हणतात. शब्द देखणा आहे, पण कुर्ल्याच्या वेल्डरसमोर उच्चारून बघा.

आर्कचा स्वभाव उधळा असतो. प्रवाह वाढला की त्याचा रोध कमी होतो, रोध कमी झाला की प्रवाह आणखी वाढतो. मोकळा सोडला तर तो सोर्सच, म्हणजे त्याला वीज पुरवणारं यंत्रच, जाळून टाकेल. म्हणून त्याच्या मागे लगाम हवा. जुन्या ट्यूबलाइटच्या पट्टीत तो जड, गुणगुणणारा चोक असायचा, तो हा लगाम.

ट्यूबलाइटचा विषय निघालाच आहे तर दाबाकडे वळू. ट्यूबमधला दाब बाहेरच्या हवेच्या काही हजारांश इतकाच असतो. वायू इतका विरळ की इलेक्ट्रॉनला धडकायला अणू फारसे भेटत नाहीत. तो मोकळ्या रस्त्यावरच्या बाइकसारखा वेग घेतो. ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनचं तापमान दहा हजार अंशांच्या आसपास असतं, पण काचेला हात लावला तर ती जेमतेम कोमट लागते. इलेक्ट्रॉन तापलेले, वायू गार, दोघांचा एकमेकांशी संबंध तुटक.

दाब वाढवला की हे चित्र पालटतं. इलेक्ट्रॉनला पावलोपावली धक्के बसतात आणि मिळवलेली ऊर्जा तो लगेच वाटून टाकतो. मग इलेक्ट्रॉन, आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आणि साधे अणू, सगळे एकाच तापमानाला येतात, आणि ते तापमान दहा हजार अंश किंवा त्याहून जास्त असू शकतं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा आहे, हे लक्षात घ्या. वेल्डरच्या रॉडच्या टोकाला जे चमकतं ते या जातीचं.

दाबाचा आणखी एक परिणाम मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिलाय, फक्त कोणी नाव सांगितलं नाही. रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे आठवा. लाइट क्षणभर गेली आणि आली, तर घरातले दिवे लगेच लागायचे, पण रस्त्यावरचा सोडियम दिवा काही मिनिटं काळाच राहायचा. दिवा बिघडलेला नसायचा. आतली नळी गरम असल्यामुळे वाफेचा दाब चढलेला असायचा, आणि दाब चढला की वायूत वीज शिरवायला जास्त व्होल्टेज लागतं. नळी निवली, दाब उतरला, की दिवा आपसूक पेटायचा. फ्रीडरिख पाशेनने हा नियम १८८९ मध्ये मांडला. ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज दाब आणि फट यांच्या गुणाकारावर ठरतं. साध्या हवेत १ सेंटिमीटर फटीला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात. या हिशेबाने १०० पट दाबातली १ सेंटिमीटर फट म्हणजे साध्या दाबातली १ मीटर फट. प्रत्यक्षात इतक्या दाबाला नियम थोडा ढळतो, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

आता हलक्या वायूकडे. कोणत्याही ठरावीक तापमानाला सगळ्या वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते. म्हणून जो हलका, तो वेगवान. खोलीच्या तापमानाला हायड्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी पावणेदोन किलोमीटर जातो. हवेतला नायट्रोजन जेमतेम अर्धा किलोमीटर. त्यामुळे उष्णता पळवण्यात हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट तरबेज आहे. हेलियम त्याच्या थोडा मागे, सुमारे सहापट.

हायड्रोजनकडे याखेरीज एक खास युक्ती आहे. साडेतीन-चार हजार अंशांच्या आसपास त्याचा रेणू फुटून दोन अणू होतात, आणि फुटताना भरपूर ऊर्जा गिळतात. हे अणू आर्कच्या गाभ्यातून बाहेर भटकतात, थंड कडेला एकमेकांना भेटून पुन्हा रेणू बनतात आणि गिळलेली ऊर्जा तिथे ओकतात. जुन्या पेढ्यांवरच्या हुंडीसारखं आहे हे. पैसे भरायचे इकडे, वठवायचे तिकडे, वाटेत कोणाच्या हातात रोकड दिसत नाही. लँगम्युअरने या हुंडीचं वेल्डिंग यंत्रच बनवलं. टंगस्टनच्या दोन कांड्यांमधल्या आर्कवरून हायड्रोजनचा झोत सोडायचा, रेणू फुटतात, आणि ते अणू पुढे धातूच्या पत्र्यावर जाऊन जोडले जातात. पत्रा वितळवणारी उष्णता तिथे, त्या पृष्ठभागावर, मोकळी होते. १९२० च्या दशकातली ही पद्धत पुढे मागे पडली, पण भाचीला रेणू फुटण्याचं महत्त्व पटवायला तीच कामी आली.

आता तिच्या प्रश्नावर येऊ. आर्कच्या कडेने हायड्रोजन उष्णता ओरबाडतोय. कडा गार झाली की तिथला वायू पुन्हा अवाहक होतो. म्हणजे वीज वाहायला उरतो फक्त मधला बारीक गाभा. पण मागचा सोर्स दांडगा असेल तर प्रवाह तेवढाच ढकलला जातो. तेवढाच प्रवाह, वाट अरुंद, मग रोध वाढणार, व्होल्टेज चढणार, आणि दर घन मिलिमीटरमध्ये जास्त ऊर्जा ओतली जाणार. गाभा आधीपेक्षा जास्त तापतो. बाहेरून गार करायला जावं तर आतून जास्त तापतो, हा आर्कचा उलटा न्याय आहे.

आणि मागचा सोर्स तेवढा दांडगा नसेल तर? तर आर्क विझतो. आपल्या एसी विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी आर्कचं पोसणं थांबतं, पण हायड्रोजनचं ओरबाडणं चालूच असतं. पुढच्या काही मायक्रोसेकंदांत वायू पुरेसा निवला तर खेळ खलास. नानांचा ब्रेकर या क्षणाची वाट बघायचा. डीसीत असा शून्याचा क्षण नसतो, म्हणून तिथे आर्क तोडणं जास्त कटकटीचं. आपल्या लोकल १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या, २०१६ मध्ये हार्बर लाइनवरही एसी वीज आली, आणि माझ्या माहितीतल्या ट्रॅक्शनवाल्यांनी, म्हणजे गाड्यांची वीज सांभाळणाऱ्यांनी, सुटकेचा निःश्वास टाकला. (ऑइल ब्रेकरही आता अडगळीत गेले. व्हॅक्यूमचे आणि एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायूचे ब्रेकर आले. तेलाला आग लागायची भीती होती, त्यामुळे वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.)

"म्हणजे हायड्रोजनचा स्वभाव तोच, फक्त मागे कोण उभं आहे यावर सगळं," भाची म्हणाली. मी म्हटलं, सेमिनारात हे वाक्य ठेव.

पण हायड्रोजन तापवायचा तरी कशाला? मुख्य कारण वेग. तोफेतला गोळा ढकलणारा वायू स्वतः जेवढा चपळ, तेवढाच तो गोळ्याच्या मागे धावू शकतो. दारू जळून होणारे वायू जड असतात, त्यामुळे साधी तोफ सेकंदाला दोनेक किलोमीटरच्या आसपास दमते. हायड्रोजनमध्ये ध्वनी खोलीच्या तापमानालाच सेकंदाला सुमारे १३०० मीटरने जातो, हवेच्या जवळजवळ चौपट, आणि तापवला की आणखी वेगाने. अवकाशात यानांवर आदळणारा कचरा सेकंदाला दहा-दहा किलोमीटरने येतो. यानाची ढाल त्याला टिकते का, हे जमिनीवर तपासायचं तर मण्याएवढी गोळी तशाच वेगाने मारावी लागते. अशा तोफांना लाइट गॅस गन म्हणतात. त्या बहुधा पिस्टनने हायड्रोजन दाबून तापवतात आणि सेकंदाला सात किलोमीटरच्या घरात पोचतात. पिस्टनऐवजी विजेने तापवला तर ऊर्जा किती आणि कधी घालायची हे आपल्या हातात राहतं. सेंट पीटर्सबर्गला फिलिप रुटबर्ग यांच्या गटाने अनेक वर्षं या दाट वायूंतल्या महाप्रवाहाच्या आर्कचा अभ्यास केला. त्यांना २०११ चं ग्लोबल एनर्जी पारितोषिक मिळालं. आपल्याकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लाझ्मा टॉर्चवर जुनं काम आहे. ते साध्या दाबातलं, पण भावकी तीच.

कागदावर एक हिशेब मांडून बघू. १ लिटरचं जाड पोलादी भांडं, त्यात १०० वातावरण दाबाने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या १०० पट दाबाने, हायड्रोजन. त्याचं वजन किती? ८ ग्रॅमच्या आसपास, चमचाभर साखरेपेक्षा फार नाही. आता १ मिलिफॅरडची कपॅसिटर बँक (वीज साठवून एकदम सोडणारा संच) १०,००० व्होल्टला चार्ज केली तर तिच्यात ५० किलोज्यूल साठतात. एवढ्या ऊर्जेत घरी कपभर चहाचं आधण येतं, त्यापलीकडे काही नाही. पण आपण ती १ मिलिसेकंदात ओतणार. तेवढ्या वेळापुरती ती शक्ती ५ कोटी वॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे पंचवीस हजार गीझर एकदम लावल्यासारखं. सगळी ऊर्जा वायूला मिळाली तर त्याचं तापमान सुमारे ६०० अंशांनी चढतं: ३०० केल्व्हिनवरून (साधारण खोलीचं तापमान) ९०० वर. तिप्पट तापमान म्हणून दाबही तिप्पट, ३०० वातावरण. आणि ध्वनीचा वेग १३०० वरून सव्वादोन हजार मीटरवर. लक्षात घ्या, आर्कचा गाभा दहा-पंधरा हजार अंशांचा असला तरी भांड्यातला बाकीचा वायू नऊशेच. आर्क इथे भट्टी नाही, चुलीतला निखारा आहे.

पेटवायचा कसा? पाशेनने वाट अडवून ठेवलीय. एवढ्या दाबात ठिणगी पाडायला अफाट व्होल्टेज लागेल. उपाय इतका देशी आहे की मला हसू आलं: दोन इलेक्ट्रोडमध्ये बारीक तार बांधायची. घरच्या फ्यूजची तार उडते तशी ती क्षणात वितळून वाफ होते, आणि तिच्या वाफेच्या वाटेने आर्क उभा राहतो. अर्थात त्याआधी भांड्यातली हवा पूर्ण काढलेली हवी, कारण हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन शिल्लक राहिला तर प्रयोग वेगळ्याच दिशेने जाईल.

प्रवाह लाख अँपिअरच्या घरात गेला की आणखी एक पाहुणा येतो: आर्कचं स्वतःचं चुंबकत्व. शेजारच्या दोन तारांमधून एकाच दिशेने प्रवाह गेला की त्या एकमेकींना ओढतात. फॉल्टच्या, म्हणजे शॉर्टसर्किटच्या, वेळी आमच्या बसबार (वीज नेणाऱ्या जाड पट्ट्या) वाकल्याच्या खुणा मी पाहिल्यात. आर्कमध्ये तेच घडतं, तो स्वतःला आवळतो. १ सेंटिमीटर जाडीच्या आर्कमधून १ लाख अँपिअर गेले तर त्याच्या कडेला ४ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकत्वाचं माप) क्षेत्र तयार होतं, दवाखान्यातल्या एमआरआयपेक्षा जास्त, आणि ते साठेक वातावरणांइतक्या दाबाने त्याला दाबतं.

मोजमाप हा या विषयातला खरा छळ आहे. प्रवाह मोजायला रोगोव्हस्की कॉइल, म्हणजे वाहकाभोवती गुंडाळलेलं वेटोळं, ते सोपं. दाबाला पिझो सेन्सर, म्हणजे दाबला की वीज देणारा स्फटिक. तापमानाचं काय? दहा हजार अंशांत थर्मामीटर घालता येत नाही, म्हणून प्रकाश वाचावा लागतो. हायड्रोजनच्या वर्णपटात ६५६ नॅनोमीटरला लाल आणि ४८६ ला निळसर हिरवी रेषा असते. भोवतीचे आयन आणि इलेक्ट्रॉन या रेषा फिस्कटवतात, रुंद करतात. जेवढी रुंदी जास्त, तेवढी इलेक्ट्रॉनची गर्दी दाट. रुंदीवरून गर्दी मोजता येते, हे मला अजूनही जादूसारखं वाटतं. रेषा रुंद होणं डोळ्यांनी पाहायचं असेल तर पुन्हा सोडियमचा दिवा. कमी दाबात त्याचा प्रकाश निव्वळ पिवळा, ५८९ नॅनोमीटरचा. त्यात लाल शर्टही मातकट दिसतो. दाब वाढवला की ती रेषा पसरते आणि प्रकाश सोनेरी होतो. मरीन ड्राइव्हचा जुना सोनेरी हार तसा होता. २०१५ मध्ये तिथे पांढरे एलईडी लागले, तेव्हा मुंबईकरांनी केलेली ओरड म्हणजे एका अर्थी रुंदावलेल्या रेषेसाठी केलेलं आंदोलन होतं.

पण दाब फारच वाढला की ही युक्तीही संपते. रेषा पसरून एकमेकींत मिसळतात, प्लाझ्मा अपारदर्शक होतो आणि बाहेरून फक्त त्याचं साल दिसतं. गाभ्यात काय चाललंय ते व्होल्टेज, प्रवाह आणि दाब यांवरून उलटं ताडावं लागतं. डॉक्टरने पोटावर नुसता हात ठेवून सांगावं तसं.

हेलियमचं थोडक्यात सांगतो. तो पेटत नाही, हा मोठा दिलासा. त्याला रेणूच नाही, सुटे अणू, त्यामुळे हुंडीचा व्यवहार नाही. पण त्याचा इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या हिशेबातलं ऊर्जेचं माप) लागतात, हायड्रोजनच्या अणूला १३.६. हेलियमला रेणू नसल्यामुळे दोन्ही वायूंत तोच प्रयोग करून ताडून बघितलं की रेणू फुटण्याचा वाटा किती हे वेगळं काढता येतं. वेल्डिंगवाल्यांना हेलियमचा गुण ठाऊक आहे: तोच प्रवाह, तीच फट, पण आर्गनपेक्षा व्होल्टेज जास्त आणि आर्क जास्त गरम. पुन्हा तोच उलटा न्याय. तरी आपल्या गल्लीबोळात पाटी 'आर्गन वेल्डिंग'चीच, कारण हेलियम परवडत नाही. जाता जाता: विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' नावाचे चौथरे दाखवून हेलियम इथेच सापडला म्हणून सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, पण शोधाचं श्रेय ज्यांना देतात त्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता आणि इंग्रज लॉकियरने हेलियमची पिवळी रेषा नंतर इंग्लंडमधून पाहिली. कोकणावर माझं प्रेम आहे, तरीही.

शेवटची भानगड इलेक्ट्रोडची. एवढ्या प्रवाहाला पोलाद, तांबं, टंगस्टन, कोणीच टिकत नाही. धातूची वाफ आर्कमध्ये घुसते. टंगस्टन आणि तांब्याचा इलेक्ट्रॉन आठेक इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच सुटतो, त्यामुळे वीज हायड्रोजनला सोडून त्या वाफेतून जाणं पसंत करते. आपण हायड्रोजनचा आर्क अभ्यासतोय असं समजावं आणि निम्मा वेळ धातूच्या वाफेचाच आर्क मोजत बसावं, असं होऊ शकतं. शिवाय ती जड वाफ हलक्या वायूत मिसळली की ज्या चपळाईसाठी हायड्रोजन घेतला तीच उणावते. म्हणून संशोधक प्रयोगाआधी आणि नंतर इलेक्ट्रोडचं वजन करतात, आणि दर कुलोंबला (वाहिलेल्या विजेचं माप) किती मायक्रोग्रॅम झिजला ते लिहून ठेवतात.

हे ऐकल्यावर भाचीने माझ्या टेबलावरचा पेपरवेट उचलला. तो पेपरवेट म्हणजे त्या ब्रेकरचा जुना कॉन्टॅक्ट, रिटायर होताना मी मागून आणलेला. टोकाला अजून ते मणी आहेत. तिने तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, आकडा वहीत लिहिला आणि विचारलं, "नवा असताना किती होता?"

ते आम्ही कधीच मोजलं नव्हतं. नाना नुसता हातात तोलून सांगायचे, "अजून एक दिवाळी जाईल."

कॉन्टॅक्ट ती सेमिनारला दाखवायला घेऊन गेली. अजून परत आलेला नाही.